मान वळवलेला कुडू

दादांनी नामिबियात मारलेला कुडू दुबईतल्या जबल अलीच्या बंदरातून मीच सोडवून आणला. आमची कंपनी टाइल्स आणि बाथरूमचं सामान विकते. आलेला माल कस्टममधून बाहेर काढणं हे माझं काम, त्यामुळे मालकांचं मेलेलं जनावरही माझ्याच वाट्याला आलं. मालकांना ‘सर’ म्हणायचं नाही, ‘दादा’ म्हणायचं, असा आमच्याकडे नियम होता. आपण सगळे एक कुटुंब, असं ते प्रत्येक मीटिंगमध्ये सांगत. कुटुंबातल्या कुणाला काढायची वेळ आली की मात्र ते काम एचआरवर सोडत नसत. स्वतः करत, आणि चवीने करत.

गोदामात पेटी फोडली तेव्हा भुशातून आधी शिंगं वर आली. पिळदार, माझ्या हातापेक्षा लांब. मग सुपासारखे कान, डोळ्यांच्या मधे पांढरा पट्टा, गळ्याखाली दाढीसारखे केस. मान सरळ नव्हती, पार मागे वळलेली होती.

“तशीच करून मागितली मी,” दादा म्हणाले. “गोळी झाडली तेव्हा अस्साच बघत होता.”

मग त्यांनी मला ते डोकं दोन्ही हातांनी छातीशी धरायला लावलं आणि फोटो काढला. मी हसलोही. त्या दिवसांत मी दादांच्या प्रत्येक गोष्टीला हसत होतो, कारण रास अल खैमाची शाखा बंद झाली होती आणि आमच्या खात्यातल्या आम्हा दोघांपैकी एकजण जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझी मुलगी बारावीला होती. नोकरी गेली की व्हिसा जातो, मग घर, मग शाळा. मला मार्चमधली तिची परीक्षा पार पडेपर्यंत टिकायचं होतं. त्यानंतर त्यांनी मला समुद्रात ढकललं असतं तरी चाललं असतं.

घरी फोटो दाखवून मी म्हणालो, “बघ, दादांचं हरीण.”

“बाबा, इट्स नॉट अ डिअर,” मुलगी म्हणाली. “डिअरची शिंगं, अँटलर्स, दरवर्षी पडतात, कुडूची हॉर्न्स स्टे फॉर लाइफ.” बायॉलॉजी तिचा जीव की प्राण. जेवता जेवता तिने सगळं वाचून सांगितलं. कुडू गवतापेक्षा झाडाझुडपांचा पाला खातो. मोठे नर वर्षातला बराच काळ माद्यांपासून वेगळे राहतात. अंगावरच्या बारीक पांढऱ्या रेघांमुळे काटेरी झुडपात उभा राहिला तर शेजारून जाणाऱ्यालाही दिसत नाही. धोका वाटला की कुत्र्यासारखा भुंकतो, शिंगं पाठीवर टाकतो आणि सुटतो. माणसाच्या डोक्यावरून जाणारं कुंपणही उडी मारून ओलांडतो.

“एवढं सगळं येतं, तर मग सापडला कसा?” बायकोने विचारलं.

त्याचं उत्तर शुक्रवारी मिळालं. अर्धा दिवस ऑफिस झाल्यावर सगळ्यांना बायकामुलांसह बोलावलं होतं. बिर्याणी होती, आणि दादांच्या केबिनच्या दाराच्या वर, आतल्या भिंतीवर, तो कुडू टांगला होता.

“माझी पहिली गोळी पोटात बसली,” दादा रंगात येऊन सांगत होते. “तरी पळाला साला! मी म्हटलं, गेला. पण बरोबरचा शिकारी म्हणतो, घाई करू नका. कुडूला एक खोड असते. थोडा पळतो, वाचलो असं वाटलं की थांबतो आणि मागे वळून बघतो. त्याने दातांतून बारीक शिट्टी मारली आणि खरंच, हा थांबला. वळला. खलास!”

मेल्यावर फोटोसाठी त्याच्या नाकाचं रक्त पुसलं आणि बाहेर आलेली जीभ आत कोंबली, हेही त्यांनी हाताने करून दाखवलं. त्यांचा मेहुणा खो खो हसला. तो त्याच कंपनीत होता आणि दिवसभर दादांच्या सोफ्यावर बसून असे.

“पण तो मागे का बघतो, दादा?” बायकोने विचारलं.

“खात्री करायला, वहिनी. वाचलेल्याला खात्री लागते.”

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, “या माणसाने हाक मारली तर तू वळू नकोस.” आम्ही दोघंही हसलो.

सोमवारी दादांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मेहुणा सोफ्यावर होताच. दादांनी चहा मागवला, फुजैराला पाठवायच्या मालाची चौकशी केली, मग म्हणाले, “पोरीची परीक्षा कधी?”

“मार्चमध्ये. पुढे मेडिकलचं बघतेय.”

“शाब्बास! तू टेन्शन घेऊ नकोस, मी आहे ना. यल्ला, चल, काम कर.”

मी उठलो. वाचलो होतो. बायकोला फोन करायचा म्हणून खिशातला मोबाइल चाचपत मी दाराच्या मुठीला हात घातला, तेव्हा पाठीमागे दातांतून बारीक शिट्टी वाजली.

मी वळलो, आणि तोंडभर हसत वळलो.

“एक सांगायचं राहिलंच,” दादा म्हणाले. “जाताना एचआरमध्ये लेटर घे. आज तुझा शेवटचा दिवस.” मग मेहुण्याकडे बघून म्हणाले, “बघितलंस? वळतातच.”

“दादा, मार्चपर्यंत तरी,” मी म्हणालो. “मुलीची परीक्षा...”

“इन्शाल्ला, होईल काहीतरी,” म्हणत त्यांनी फोन उचलला.

त्या माणसाला तिथेच आडवा करायला हवा होता. केला नाही. लेटर घेतलं, सही केली, ‘थँक यू’सुद्धा म्हणालो. गाडी चालवताना मात्र मला दादांपेक्षा त्या कुडूचाच राग येत होता. मूर्ख जनावर! पळत सुटला होतास ना, मग पळत राहायचं.

दुपारी घरी पोचलो. बायको कामावर गेली होती. मुलगी पाठमोरी, टेबलावर पुस्तकं पसरून बसली होती. दाराचा आवाज ऐकून तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

“बाबा! सो अर्ली?” ती हसून म्हणाली.

मी दार लावून घेतलं. नोकरी गेल्याचं तिला सांगणंही माझ्याच वाट्याला आलं होतं.