बिनफोडणीचे दिवस

लहानपणी मी खादाड होते. हे लाजत सांगायचं कारण नाही, कारण आमच्या घरात खाणारं माणूस आवडायचं. शाळेतून यायचं, दप्तर भिरकावायचं आणि चुलीपुढं फतकल मारायची, हा माझा शिरस्ता. लसणाची फोडणी कुणाच्या घरी पडली, हे मी गल्लीच्या तोंडाशी ओळखायचे. आई म्हणायची, या पोरीचं नाक पोटाला बांधलंय.

अशा या पोरीला कांजिण्या झाल्या आणि तिनं जेवण सोडलं. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. घरात पुन्हा पांढरी ज्वारी दिसायला लागली होती आणि नेमकी तेव्हाच मला ती गिळता येईना.

वडील तेव्हा पालमला शाळेत मास्तर होते. आम्ही बौद्ध, त्यामुळं जागा मिळायची मारामार. शेवटी एका शेतकरी घरानं आपल्या घराला लागून असलेल्या दोन खोल्या भाड्यानं दिल्या. माणसं वाईट नव्हती, पण अंतर राखून होती. मालकीणबाई आईशी बोलायच्या त्या दारात उभ्या राहून. मधली भिंत मात्र पत्र्यापर्यंत पोचलेली नव्हती. त्यांच्या चुलीचा वास वरच्या फटीतून सरळ आमच्याकडं यायचा आणि आमचा त्यांच्याकडं जायचा.

डॉक्टरांनी कांजिण्या आहेत असं सांगितलं, तरी गल्लीनं आपलं ठरवून टाकलं, की बाई, म्हणजे देवी आली. आमच्या भागात घरात बाई आली की फोडणी देत नाहीत, तळण करत नाहीत. देवीला ते सोसत नाही अशी समजूत. धाकट्या भावाला सोनपेठला मावशीकडं धाडलं आणि मला आतल्या खोलीत ठेवलं. आईला लहानपणीच कांजिण्या होऊन गेल्या होत्या, म्हणून तीच तेवढी आत यायची. वडील उंबऱ्यापलीकडून चौकशी करायचे.

फोड तोंडात आणि घशातही आले होते. पाणी पितानासुद्धा डोळ्यांत पाणी यायचं. आई पेज घेऊन आली की मी भिंतीकडं तोंड फिरवायचे. त्यात एक दिवस ध्यानात आलं, की मला कसला वासच येत नाही. आमच्या चुलीचा नाही आणि भिंतीपलीकडचाही नाही. झालं, माझं नाक गेलं असं मी ठरवलं आणि हुंदके देऊन रडले. फोडांना मी एवढी भ्याले नव्हते.

डॉक्टर पुन्हा आले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरून पाहिलं. पोटात अन्न गेलं नाही तर पोरीला परभणीला न्यावं लागेल, आणि तिच्यात तेवढ्या प्रवासाचा जोर राहिलेला नाही, असं ते वडिलांना हळू आवाजात म्हणाले. मला ते ऐकू आलं. आईलाही आलं असणार, कारण ती पदर तोंडाशी धरून तशीच उभी राहिली.

त्या संध्याकाळी वडिलांचा आवाज चढला. धम्म घेतला तेव्हाच देवी घरातून गेली, मग चुलीवर अजून कुणाचं राज्य चाललंय, असं ते विचारत होते. तिखटाशिवाय त्यांचा घास उतरत नसे, त्याचाही राग त्यात थोडा असावा.

आई म्हणाली, "देवीसाठी न्हाई वो. जे लेकराला खाता येत न्हाई, त्याचा वास तिला कशापायी?"

वडिलांनी ताट ओढल्याचा आवाज आला. मग त्यांनी वरण मागितल्याचं आणि भुरका मारल्याचं ऐकू आलं. आमच्या चुलीला वास का नाही ते मला कळलं. पण पलीकडचाही वास येत नव्हता, म्हणजे नाक गेलंच होतं. तापलेल्या डोक्यानं एवढाच हिशेब केला.

दुसऱ्या दिवशी आईनं ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून आणल्या. त्यात मीठ सोडून काही नव्हतं. मी म्हणाले, मला नाकच नाही तर खाऊ कशाला? ती म्हणाली, नाकाचं राहू दे, जिभेला विचार. तिनं घास भरवला. मी निव्वळ हट्टानं तो गिळला नाही, तसाच जिभेवर धरून बसले. आणि तो गोड लागायला लागला.

"गूळ घातलास?" मी विचारलं.

"न्हाई गं. ज्वारीच अशी असती."

मी थक्क झाले. जन्मापासून ज्वारी खात होते आणि तिची चव मला ठाऊकच नव्हती. तिखट, तेल, लसूण यांच्याखाली ती एवढी वर्षं गुपचूप बसली होती. मग आई रोज एकेक वस्तू आणू लागली, कधी मुगाचं कढण, कधी उकडलेला भोपळा, कधी घोटभर ताक. मी डोळे मिटून खायचे आणि कसं लागतंय ते तिला सांगायचे. भोपळा मातीसारखा लागतो असं म्हणाले तेव्हा ती हसली. आजारपणात ती पहिल्यांदा हसली ती तेव्हाच. हळूहळू मी वाटी संपवू लागले, मग उठून बसू लागले.

खपल्या पडल्या. कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं आंघोळ झाली आणि मी चुलीपाशी येऊन बसले. आईनं पळीत तेल तापवलं, मोहरी टाकली, लसूण टाकला आणि पळी वरणात बुडवली. चर्र झालं. वास नाकात शिरला आणि मला ठसका लागला. नाक होतं!

तेवढ्यात भिंतीपलीकडंही चर्र झालं.

आईचा हात थांबला. तिनं फटीकडं तोंड करून विचारलं, "मालकीणबाई, तुमच्यात कुणी आजारी होतं का वो?"

"न्हाई," पलीकडून आवाज आला. "भिंत एकच हाय न्हवं. तुमी कधी टाकताव त्याची वाट बघायलो होतो."

 पलीकडं मालक होते, त्यांचे भाऊ होते, शेतातून दमून येणारी जाणती माणसं होती. ती सगळी इतके दिवस बिनफोडणीचं जेवली होती. देवीच्या धाकानं जेवली की माझ्यासाठी, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. आईनं तिथल्या तिथं वरणाची वाटी भरली, पदराखाली झाकली आणि ती आजवर कधी न चढलेल्या त्यांच्या पायरीकडं निघाली. मालकीणबाईंनी वाटी दोन्ही हातांनी घेतली.