उभ्या काकू

मेघा, फोन ठेवू नकोस गं, तुमच्या समोरच्या घरातून बोलतेय मी. कान धरायचाय तुझा. पुण्याहून नेरुळला यायला काय समुद्र ओलांडायचाय? गणपती गेले, दिवाळी गेली. फोनवर आईने "कोण बोलतंय?" विचारलं की तू रडतेस नि ठेवून देतेस. असं कसं चालेल, बाई?

तुझ्या आईला अख्खी सोसायटी उभ्या काकू म्हणायची. समोरासमोर दारं आमची, पण माझ्या सोफ्यावर ती कधी टेकली असेल तर शपथ. कप घेऊन ओट्याशी उभी. मी म्हणायचे, "सुनंदा, बस की, सोफा चावत नाही." तर म्हणे, "बसले नि तेवढ्यात आमची बेल वाजली तर? उभीच बरी." सारसोळ्याला मासळी आणायला जायची तीसुद्धा चालत. रिक्षा का नको? "रिक्षात बसावं लागतं!" नि मागे मी, धापा टाकत.

आकडीचा आजार तिला लग्नाआधीपासून. गोळ्या वेळेवर, म्हणून त्रास नव्हता. हरतालिकेला मात्र पाण्याचा थेंब नाही. "गोळीला पाणी लागतं, पाण्याने उपास मोडतो," हे तिचं गणित. तुझे बाबा ओरडायचे, "अगं, माझ्याच आयुष्यासाठी ना उपास? मग मीच सांगतो, घे!" ऐकेल ती कसली! वर्षानुवर्षं निभावलं. मागच्या वर्षी नाही निभावलं.

पूजा आटपली नि ओट्याशीच कोसळली. एक आकडी संपते न संपते तोच दुसरी, मधे शुद्धच नाही. कोणी कांदा आणला, कोणी चप्पल. बाबा नुसते "गाडी आणा, गाडी आणा" करत होते. हॉस्पिटलात आकड्या थांबवायला तिला औषधाने झोपवून ठेवलं, श्वास मशीनवर. तुला आठवतंय डॉक्टर काय म्हणाले ते? "जीव वाचलाय. पण आकडी फार वेळ चालली. काही जण पूर्ण सावरतात, काहींना वेळ लागतो, काहींचं थोडं काही हरवतं. आजच कसं सांगू?"

घरी आली ती बसूनच. ठेवलं तिथे. तुला म्हणाली, "कोणाची गं तू?" त्या दिवसापासून तू फिरकली नाहीस. आणि मला तिचं ते बसणं बघवत नाही. माझाच पाय घरात ठरत नाही, सारखी त्या दारात डोकावते. या हरतालिकेला गोळी मीच भरवली, पाण्यासकट. देवीला म्हटलं, रागवायचं तर माझ्यावर रागव.

परवा तिला चहा दिला. कप घेतला, नि खुर्चीचा हात धरून उठली गं! पाय थरथरतायत, चहा हिंदकळतोय, पण ओट्याला टेकून उभी. बाबा धावले, मी अडवलं. म्हटलं, "सुनंदा, बस की."

दाराकडे बघत म्हणाली, "कोणीतरी यायचंय."

"कोण गं?"

बराच वेळ आठवत राहिली. "नाव नाही येत. पण यायचंय."

नाव तू येऊन सांग, मेघा. नाही कळलं तर परत सांग. या रविवारीच ये. आणि किल्ली असली तरी बेल वाजव.