द्राक्षाच्या खोडाचा पेन

माझा लेथ मी स्वतः बनवलेला आहे. त्यामुळे त्याच्यावर हवे ते आरोप करायचा हक्कही माझाच, असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो. जुन्या वॉशिंग मशीनची मोटार, भंगारातून वजनावर आणलेले लोखंडी अँगल, स्कूटरच्या चाकाचं बेअरिंग, आणि पटाशी टेकवायला घराच्या गेटचा उरलेला तुकडा. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर रो-हाऊसच्या पार्किंगमध्ये, जिथे खरं तर स्कूटर उभी राहायची, तिथे मी हे प्रकरण उभं केलं. पटाश्याही घरच्याच, झिजलेल्या कानशी घासून धार लावलेल्या. गल्लीत काही लोक मला पेनवाले काका म्हणतात आणि काही माझं नाव काढलं की लेथची घरघर आठवून नुसते कानावर हात ठेवतात. दोघांचंही बरोबर आहे.

लाकडी पेन करणं सांगायला फार सोपं. बोटाएवढी चौकोनी कांडी घ्यायची, मधोमध भोक पाडायचं, त्यात पितळेची नळी चिकटवायची आणि ती लेथवर चढवायची. लाकूड गरगर फिरायला लागलं की पटाशी लावून ते उतरवत उतरवत हव्या त्या आकाराला आणायचं. मग पॉलिश पेपर, मग मेण. अवघड एवढंच, की शेवटी नळीवर जे लाकूड उरतं ते लिंबाच्या सालीइतकंच जाड असतं. तिथे चूक लपवायला जागा नसते.

चुकांशी माझं जुनं नातं आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या. कारखान्यात मी इन्स्पेक्शनला होतो. लोकांनी केलेल्या कामातली खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. ती सवय घरीही सुटलेली नाही. पोळी ताटात पडली की मी आधी तिचा घेर बघतो, आणि बायको म्हणते, "पास की नापास ते लवकर सांगा, गार होतेय."

माझी धाकटी बहीण सायखेड्याला दिलेली आहे. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी जुनी द्राक्षबाग काढली, नवीन वाणाची लावायची म्हणून. दाजी एक दिवस मोटारसायकलच्या मागे पोतं बांधून आले. पोत्यात वेलीचं एक खोड होतं, पिळलेलं, गाठीगाठीचं.

"दादा, बाकीचा बाग गेला सरपणाला," दाजी म्हणाले. "पर ही पहिल्या ओळीतली वेल. चुलीत घालायला जीव होईना. पोरगी म्हणती, मामाकडं द्या."

पोरगी म्हणजे माझी भाची. ती त्याच बागेत लहानाची मोठी झाली आणि आता वकिलीची परीक्षा पास झाली आहे. तिने फोनवर सांगितलं, "मामा, कोर्टातली पहिली सही मी आपल्या बागेच्या पेनाने करणार. तू करशील ना?" मी म्हटलं, करीन की. त्यात काय!

पावसाळाभर ते खोड माळ्यावर सुकवलं. द्राक्षाचं लाकूड पेनासाठी मुळीच चांगलं नाही. रेषा वाकड्या, मधे भेगा, कुठून सोलवटेल याचा नेम नाही. अख्ख्या खोडातून धड अशा दोनच कांड्या निघाल्या. थंडी पडायला लागल्यावर मी पहिली चढवली आणि कामाला बसलो.

पृष्ठभागावर लहरी उठल्या. बारीक बारीक, ओळीने, बोट फिरवलं की नखाला लागतील अशा. कारखान्यात याला चॅटर म्हणतात. पटाशी किंवा लाकूड, दोघांपैकी एक थरथरत असलं की असं होतं. मी लाकडाला दोष दिला. द्राक्षच ते, म्हटलं, याच्याकडून काय अपेक्षा करायची. खात्री म्हणून घरातला सागवानाचा एक तुकडा चढवला. सागवान गुणी लाकूड, पण त्याच्यावरही त्याच लहरी.

मग पटाशी दोषी ठरली. तिला नवीन धार लावली, मग दुसरी पटाशी घेतली, मग दांडा बदलला. मग बेअरिंग. कारखान्यात ज्या डायलने आम्ही शाफ्ट तपासायचो तसला एक जुना डायल माझ्याकडे आहे. तो लावून लेथ हाताने फिरवला. काटा जागचा हलला नाही म्हटलं तरी चालेल. माझा लेथ इतका सरळ फिरतो हे बघून खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. पण मी डायल काढून पुन्हा लावला आणि पुन्हा फिरवून बघितलं.

तरीही मी बेअरिंग बदललंच. नट आवळले. मोटारीखाली रबर घातलं. फ्रेमचे पाय जमिनीत सिमेंटने पक्के केले. घरातल्या वस्तूवर कोणी इतकी माया करत नाही. बायको येता-जाता बघायची. एवढं सगळं झाल्यावर पहिली कांडी पुन्हा घेतली, लहरी घालवायला थोडी आणखी उतरवली, पुन्हा लहरी, पुन्हा थोडी उतरवली, आणि एका क्षणी लाकूड फाटून आतली पितळेची नळी चकाकली. कांडी गेली. आता एकच उरली होती.

खरं सांगायचं तर खोट शोधायची साधी रीत मला पहिल्या दिवसापासून माहीत होती. कारखान्यात माल खराब निघाला आणि दोष मशीनचा की माणसाचा हे कळेना, की आम्ही एकच करायचो. मशीन तेच ठेवायचं, लाकूड म्हणा लोखंड म्हणा तेच ठेवायचं, आणि ऑपरेटर बदलायचा. पाच मिनिटांचं काम. मी मोटारीखाली रबर घातलं, जमीन खोदून सिमेंट भरलं, पण हे पाच मिनिटांचं काम केलं नाही. कारण माझे वडील.

वडील मेन रोडवरच्या एका कापडदुकानात कापड फाडायला होते. फाडणं म्हणजे कात्रीने सरळ रेषेत कापणं; आखायची गरज त्यांना कधी पडली नाही. मग कात्री वाकडी जायला लागली. ते म्हणाले, धार गेली. धारवाल्याकडे नेऊन आणली. पुन्हा वाकडी. पुन्हा नेली. मालकाने नवी कात्री आणून दिली तेव्हा ते म्हणाले, हिचा स्क्रू सैल आहे. शेवटी त्यांना घड्या घालायला बसवलं. पुढे घास तोंडापर्यंत जाईना आणि आई त्यांना भरवायची, तेव्हाही ते म्हणायचे, चमचा गुळगुळीत आहे. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि मला त्यांचा राग यायचा. एवढ्या हुशार माणसाला एवढं कसं कळत नाही, असं वाटायचं.

आता कळतं, त्यांना सगळं कळत होतं.

तर माझी भीती ही होती. ती सकाळी माझ्याबरोबर उठायची. पेपर वाचताना मी तो दोन्ही हातांनी ताणून धरायचो. शर्टाची बटणं लावताना भिंतीकडे तोंड करायचो. कोणी सही मागितली की हात खिशात घालून "नंतर देतो" म्हणायचो. एका रविवारी कारखान्यातले जुने मित्र मिसळीला घेऊन गेले. वाटीतला रस्सा मिसळीवर ओतायचा म्हणून मी वाटी उचलली आणि अर्धा रस्सा टेबलावर गेला.

"काय रे, थंडी वाजती का?" एकाने विचारलं.

"नाशिकची थंडी आहे बाबा," मी म्हटलं. सगळे हसले. मीही हसलो, आणि पुढची मिसळ कोरडीच खाल्ली. घसा जळत होता, पण वाटीला पुन्हा हात लावायची हिंमत झाली नाही. घरी येताना मनात हिशेब चालू होता, की कोणी काय पाहिलं असेल.

भाचीचा फोन यायचा. "मामा, झाला का?" मी सांगायचो, लाकूड अजून ओलं आहे. सायखेड्यात वाढलेल्या मुलीला द्राक्षाचं लाकूड किती दिवसांत सुकतं हे मी शिकवत होतो. ती बिचारी हो म्हणायची.

शेवटी एका सकाळी दुसरी कांडी चढवली. यापुढे टाळणं शक्य नव्हतं. डाव्या टोकाकडून सुरुवात केली, श्वास रोखून, कोपर बरगडीला चिकटवून. अर्ध्यापर्यंत आलो आणि लहरी दिसल्या. मी मोटार बंद केली आणि लेथला एक सणसणीत शिवी दिली. ती नेमकी बायकोने ऐकली. ती मला जेवायला बोलवायला आली होती.

"किती दिवस भांडणार आहात त्याच्याशी?" ती म्हणाली. "सरका बाजूला. मला बघू दे."

"तुला नाही जमणार."

"ब्लाउजची बाही जमते, आणि हे जमणार नाही?"

ती घरी ब्लाउज शिवते. सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवते. आजवर मी कोणालाही लेथला हात लावू दिला नव्हता, त्यामुळे त्या दिवशीही नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हणायला कारण द्यावं लागतं, आणि माझ्याजवळचं एकमेव कारण मला तोंडाने बोलायचं नव्हतं. मी बाजूला झालो. पटाशी तिच्या हातात दिली.

तिने पदर खोचला, बांगड्या वर सारल्या. मी तिला डोळ्यांवर गॉगल चढवायला लावला. सांगितलं, पटाशी आधी टेकूवर ठेव, मग लाकडाला लाव, दाबू नकोस. उरलेला उजवा अर्धा भाग दाखवला. मोटार चालू केली.

मी बघायच्या आधी ऐकलं. माझ्या हातात पटाशी असली की लाकूड खर्रखर्र वाजायचं. तिच्या हातात ते भाकरीचं पीठ चाळणीतून जाताना येतो तसा एकसारखा मऊ आवाज करत होतं. छिलके लांबच्या लांब निघत होते. ती टोकापर्यंत गेली, मीच मोटार बंद केली.

"अहो, जमलं की!" ती म्हणाली. लहान मुलीसारखा चेहरा झाला होता तिचा. "बघा ना, बोट लावून बघा!"

मी बोट लावलं. काचेसारखं होतं. "छान," म्हटलं.

मग तिने स्वतः अंगठा फिरवला. तिच्या बाजूकडून माझ्या बाजूकडे. मधे पोचल्यावर अंगठा थांबला. मग पटाशी पुन्हा उचलून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "चालू करा. तुमचीही बाजू करून टाकते मी. दोन मिनिटांत होईल."

तिने तसं केलं असतं तर पेन सुंदर झाला असता. भाची खूश झाली असती. आणि मी पुन्हा बेअरिंग शोधायला निघालो असतो.

"माझी बाजू राहू दे," मी म्हटलं.

"असा अर्धा खरबरीत पेन देणार पोरीला?"

"पोरीसाठी सागवानाचा तू कर. हा डॉक्टरांना दाखवायला लागेल."

तिने पटाशी खाली ठेवली. डोळ्यांवरचा गॉगल काढला आणि माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. मी तो या वेळी खिशात घातला नाही.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"सायखेड्याहून हे लाकूड आलं ना," मी म्हणालो, "त्याच्याही आधीपासून."