लॉर्डाचा गाल

शारजात होतो तेव्हा आमचे हे तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरायचे. पत्र्याला शाई लावायची आणि कागदावर छाप घ्यायचा, असं ते काम. एका नव्या हॉटेलाला भिंतींवर जुन्या काळातले विलायती लॉर्ड हवे होते. यांच्या मालकांनी, म्हणजे रत्नागिरीकडच्या भाईंनी, ऑर्डर घेतली. त्याच आठवड्यात हे बाथरूममध्ये घसरले आणि डावा हात प्लास्टरमध्ये गेला.

उजवा शाबूत होता, पण या कामात डावाही तितकाच लागतो. कोरणी सरळ पुढे ढकलायची आणि वळण हवं तिथे वाळूच्या उशीवरचा पत्रा डाव्या हाताने फिरवायचा. व्हिसाची मुदत संपत आली होती. भाई म्हणाले, "मास्तर, काम वेळेत द्या, व्हिसा वाढवतो. नाहीतर मला दुसरा माणूस आणावा लागेल." दुसरा आला की आम्ही परत गावी.

पत्रा घरी आणला आणि फिरवायला मी बसले. माझी शाळा चौथीपर्यंत. फिरवायला तेवढी पुरते.

लॉर्डाचे केस खांद्यापर्यंत, सगळे कुरळे. चेहरा सासुरवाडीची आमटी अळणी निघाल्यासारखा. हे म्हणायचे, "फिरव." मी फिरवायची.

"हळू. पोळी नाही ती."

"पोळी असती तर एव्हाना जेवून झालं असतं."

केस पार पडले. गालावर मात्र कोरणी सटकली आणि कानापासून नाकापर्यंत रेघ गेली.

"हललीस."

"तुम्ही दाबलंत."

जेवणं उरकली. मग यांनी रेघ खरवडली. तिथे खड्डा पडला. तो मागून ठोकून वर आणला आणि गाल पुन्हा कोरला.

भाईंनी छाप उजेडात धरला. "मास्तर, याचा गाल सुजलाय का?"

मी म्हटलं, "दाढ दुखत असेल. लॉर्ड झाला तरी दात असतातच."

भाई हसले नाहीत. छाप लांब धरला, जवळ धरला. शेवटी म्हणाले, "वहिनी, लोक लिफ्टची वाट बघता बघता बघणार याच्याकडे. चालेल, इन्शाल्ला." आणि पासपोर्ट मागून घेतले.

व्हिसा लागला, प्लास्टरही निघालं. पुढच्या लॉर्डाचे केस आले तेव्हा हे म्हणाले, "बसतेस का जरा? तुझ्या हाताने वळण बरं येतं."

"आता तुम्हाला दोन हात आहेत," मी म्हटलं आणि भांडी घासायला गेले.