सात नंबरचं वर्तुळ

मी गुन्हेगारीवर संशोधन करते म्हटलं की लोक सरसावून बसतात. त्यांना वाटतं, माझी रोज गुंडांशी ऊठबस असते. कसलं काय! माझे अर्धे दिवस बेंगळूरच्या ट्रॅफिकमध्ये जातात आणि उरलेले रेकॉर्डिंग ऐकून टाइप करण्यात. मान धरते, कान दुखतात, आणि समोरच्याने दोन तास नुसत्या थापा मारल्या होत्या हे तिसऱ्या दिवशी कळतं.

त्या वर्षी आमचा विषय होता, मारतहळ्ळीच्या पीजींमध्ये, म्हणजे नोकरदार पोरं भाड्याने राहतात त्या वसतिगृहांमध्ये, गांजा आणि गोळ्या पोचतात कशा. या धंद्यातून बाहेर पडलेल्या नऊ जणांशी मी बोलले. आठ जणांनी मला व्यवस्थित गुंडाळलं. माल कुणाकडून यायचा? माहीत नाही मॅडम. कुणाला द्यायचात? चेहरा आठवत नाही मॅडम. एक बाई मात्र बोलली.

ती निपाणीकडची, म्हणजे माझ्याच भागातली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणायची. पूर्वी ती मारतहळ्ळीत आयटीतल्या पोरांना जेवणाचे डबे द्यायची. स्वयंपाकासाठी खोली मिळवून देणाऱ्या माणसाने एक दिवस तिला काही डब्यांच्या पिशवीत पाकिटं ठेवायला सांगितली. आत काय आहे ते तिला आठवड्यात कळलं. तरी आठ महिने तिने ते केलं, कारण त्याला नाही म्हणायची तिची छाती नव्हती. मग एक दिवस भांडीकुंडी तिथेच टाकून, मुलीला घेऊन ती जे. पी. नगरला आली. आता ती एका बालवाडीत स्वयंपाक करत होती. तिथे कुणाला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"फुटलं तर नोकरी जाईल ती जाईल," ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "पण तो मला सोडायचा नाही ओ, बाई."

"अक्का, तुमचं नाव, गाव, काही येणार नाही. माझी जबाबदारी," मी म्हणाले. हे वाक्य मी सगळ्यांनाच म्हणते. तिला म्हणताना मनापासून म्हटलं होतं.

ती का बोलली हेही तिने सांगितलं. इतक्या वर्षांत तिला आपल्या भाषेत कुणी काही विचारलंच नव्हतं. ती मटार सोलत होती. ताटात एकेक दाणा मांडत म्हणाली, हा वॉचमन, हा इस्त्रीवाला, ही दोन पोरं तिसऱ्या मजल्यावरची. कोण कुणाला ओळखतं, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं सांगितलं. सतरा दाणे झाले. मी खुशीत घरी आले.

आमच्या कामाची एक रीत आहे. प्रत्येक माणसाचं एक वर्तुळ काढायचं, त्याला नाव नाही, फक्त नंबर. ज्याची ज्याच्याशी ओळख, त्यांच्यात रेघ. ज्याच्या रेघा जास्त, त्याचं वर्तुळ संगणक मोठं करतो. अक्काला मी सात नंबर दिला होता. तिचं वर्तुळ भलंमोठं आलं, अगदी मधोमध. मी त्याला लाल रंगही दिला, उठून दिसावं म्हणून. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

देवनहळ्ळीजवळच्या एका हॉटेलात शुक्रवारी परिसंवाद झाला. या संशोधनाचे प्रमुख असलेल्या आमच्या सरांनी आकृती पडद्यावर लावली. पहिल्या रांगेत एक पोलीस अधिकारी होते, शांत, वाचन असलेले गृहस्थ. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, "हा सात नंबर कोण?"

"सगळ्यात मध्यवर्ती व्यक्ती," सर खुशीत म्हणाले. "ही काढली तर अख्खी साखळी तुटते."

"मग शोध इथूनच सुरू करायला हवा. आकृती अहवालात येईल ना?"

"सोमवारी तुमच्या टेबलावर."

त्या अधिकाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. चित्र जे सांगत होतं तेच त्यांनी वाचलं. पण चित्र खोटं बोलत होतं. अक्काच्या रेघा जास्त होत्या, कारण रेघा सांगितल्याच तिने. बाकीचे आठ तोंड मिटून बसले, म्हणून त्यांची वर्तुळं टिकलीएवढी. आणि ज्याने तिला पाकिटं दिली तो? तो तर आम्हाला भेटलाच नव्हता. तो एका कोपऱ्यात होता, एका रेघेवर लटकलेला. ती रेघ अक्काकडे जात होती.

परतताना कॅबमध्ये मी सरांना हे सगळं सांगितलं. त्यांना पटलं, पण ते म्हणाले, खाली एक तळटीप टाकू. माझं डोकंच फिरलं. तळटीप कोण वाचतं, मी विचारलं, तुम्ही तरी वाचता का? सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, आकृती वगळली तर अहवालात उरतं काय? तेही खरं होतं. दोन वर्षांचं काम होतं, आणि त्यातलं निम्मं माझं.

एकच गोष्ट सरांना टाळता आली नसती. मुलाखत देणाऱ्याने संमती मागे घेतली, तर त्याचा शब्द न् शब्द काढून टाकावा लागतो. रविवारी दुपारी मी आकृतीचा कागद आणि संमती मागे घेण्याचा फॉर्म घेऊन अक्काकडे गेले.

"स्वल्प बसा, चहा ठेवते," ती म्हणाली. मी म्हणाले, आधी हे बघा.

तिने कागद जमिनीवर पसरला. "हे मोठं लाल कोण ओ?"

"तुम्ही."

"आणि तो?"

मी कोपऱ्यातल्या ठिपक्यावर बोट ठेवलं. शुक्रवारी काय झालं तेही सांगितलं, काही लपवलं नाही.

"मी त्याच्यासमोर मान वर करत नव्हते, बाई," ती म्हणाली. "तुम्ही मला त्याच्यापेक्षा मोठी केलासा."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, मला निदान रडता आलं असतं. फॉर्मवर सही कुठे करायची ते मी दाखवलं. तिने केली. लॅपटॉप उघडून तिच्यासमोर मी सगळी रेकॉर्डिंग पुसली, टाइप केलेलं पुसलं. ती शेजारी बसून शेवटपर्यंत बघत होती.

"आता कुणी विचारलं, ही बाई तुमच्याशी बोलली होती का, तर?"

"नाही बोलली म्हणेन."

"मग आपली ओळख पण नाही," ती उठत म्हणाली. "परत येऊ नका."

सोमवारी अहवाल गेला. त्यात आठ वर्तुळं होती, आणि रेघ एकही नव्हती. सर महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले, ते मी सोसलं. त्या बालवाडीच्या रस्त्याने मला आठवड्यातून दोनदा जावं लागतं. एकदा ती दारात उभी होती, सुपात तांदूळ निवडत. तिने वर बघितलं. मी मान वळवली आणि अनोळखी बाईसारखी पुढे निघून गेले.