तळमजल्याची खोली

ती म्हातारी डोळ्यांपुढे आली की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत मी खून बघितले, दरोडे बघितले, समुद्रातून फुगलेली प्रेतं दोर लावून बाहेर काढली. त्यातलं बरंचसं विसरलो. ही केस विसरत नाही. हिच्यात रक्ताचा एक थेंब सांडला नव्हता, तरी मला त्या माणसांचा जेवढा राग आला तेवढा कुठल्या खुन्याचाही आला नाही.

मी सातवी शिकलेला. शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार म्हणून पेन्शनीत निघालो. गावातले लोक शेवटपर्यंत जमादारच म्हणायचे. माझ्या भाषेत चुका काढायच्या त्यांनी खुशाल काढाव्यात. माझ्या हातचे पंचनामे कोर्टात टिकलेले आहेत, तेवढं मला पुरे.

रायगडच्या किनाऱ्यावरचं एक गाव. नाव सांगत नाही, माणसांचीही नावं घेत नाही. मोठं वादळ झालं तेव्हा बंदराकडच्या गरिबांची घरं पत्र्यासकट उडून गेली. मग नगरपालिकेने गावाबाहेर तीन मजली इमारत बांधली आणि बेघरांना थोड्या भाड्यात खोल्या द्यायचं ठरलं. त्याचा नियम नवा होता. दर महिन्याला रिकाम्या खोल्यांची यादी कॉम्प्युटरवर लागायची. ज्यांची नावं नोंदली असतील त्यांनी आपल्याला हवी ती खोली पसंत करायची. एका खोलीवर अनेकांची पसंती पडली तर ज्याची गरज जास्त त्याला ती मिळायची. आणि ज्याने दोन वेळा मिळालेली खोली नाकारली त्याचं नाव कायमचं बाद.

कागदावर बघाल तर नियम चांगला. पण बंदरावरच्या बाईला कॉम्प्युटर कुठला? ती जाणार एसटी स्टँडासमोरच्या ऑनलाइन सेंटरवर. या केसची मेख तिथेच होती.

म्हातारी सुकी मासळी विकायची. सोडे, सुकट, बोंबील टोपलीत भरून बोर्ली पंचतनच्या बाजारापर्यंत जायची. नवरा कधीच गेला होता, मूलबाळ नव्हतं. वादळापासून ती बंदरावरच्या जाळी ठेवायच्या शेडमध्ये राहत होती. दोन्ही गुडघे गेलेले. तिला एकच पाहिजे होतं, तळमजल्याची खोली. ती सकाळी ठाण्यात आली तेव्हा मी ठाणे अंमलदार होतो. टोपली बाहेर ठेव म्हटलं तर ऐकेना.

"टोपली चोरीला गेली तं तू देनार का भरून?" म्हणाली. "पोलिसांच्या दारातनं चोरी व्हते, म्हाईत हाय मला."

मी हसलो. पण तिचं म्हणणं ऐकलं आणि हसू गेलं. नगरपालिकेत तिला सांगितलं होतं की तुम्हाला दोन वेळा तळमजल्याची खोली लागली, दोन्ही वेळा तुम्ही नकार दिलात, आता तुमचं नाव बाद.

"मी कशाला न्हाय म्हनू? मला कोनी इचारलंच न्हाय. त्या शेडीत पावसाचं पानी शिरतं, मी फळीवर निजतं. मी न्हाय म्हनन का रं?"

आमचे साहेब म्हणाले, "हा नगरपालिकेचा मामला आहे, आपला नाही. अदखलपात्र लिहा आणि पाठवून द्या." मी अदखलपात्र लिहिली, पण म्हातारीला पाठवलं नाही. बसवलं आणि चहा दिला. साहेबांना म्हटलं, खोटा नकार दुसऱ्याच कुणी दिला असेल तर ती फसवणूक आहे, आणि फसवणूक आपल्याकडे येते. ते म्हणाले, "जमादार, तुमची रिटायरमेंट जवळ आली. शांत राहा." शांत राहायला मी पोलिसात लागलो नव्हतो.

सेंटरवाल्याकडे गेलो. पोरगेलासा, पांढरा शर्ट, बोटांत अंगठ्या. म्हणाला, म्हातारीच्या समोर बसून मी नकार भरला, तिला आठवत नसेल, वय झालंय. मी विचारलं, मेसेज कुणाच्या मोबाइलवर येतात? तर हसला.

"जमादार, ओटीपी म्हणजे काय ते माहीत आहे का तुम्हाला? राहू द्या, तुमचं डोकं दुखेल."

दुकानात चार माणसं होती, ती पण हसली. मी दुकानाबाहेर पडलो. पोलिसाने राग कुठे ठेवावा हे मला एका जुन्या हवालदाराने शिकवलं होतं. राग वहाणेत ठेवायचा. म्हणजे पाय चालत राहतात.

खबर मिळाली ती सिक्स सीटरवाल्याकडून. स्टँडावर चहा पिताना म्हणाला, "जमादार, त्या नव्या बिल्डिंगीत तुम्ही गरीब शोधताय व्हय? शनवारी मी थितं पुन्याचे पाव्हने सोडतो. तळमजल्याला गार हवेची यशी हाय, यशी! समुद्र पाच मिनटावर म्हनून सांगतात त्यांना."

शनिवारी साध्या कपड्यांत गेलो. सिक्स सीटरवाला खरं बोलत होता. तळमजल्याच्या दोन खोल्यांसमोर मोठ्या गाड्या, दोरीवर पोहायच्या चड्ड्या वाळत घातलेल्या, पायरीवर बिअरच्या बाटल्या. ज्या दारात त्या म्हातारीने सुकट वाळत घालायची तिथे एक माणूस शेगडीवर कोंबडी भाजत होता. मला म्हणाला, "काका, बर्फ मिळेल का जवळ कुठे?"

मी म्हटलं, "मिळेल. पोलीस स्टेशनात."

त्यातली एक खोली ज्याच्या नावावर होती तो एक डंपरवाला. आतल्या बाजूच्या भातशेतीच्या गावातला. त्याला ठाण्यात बोलावलं. आला तो पूर्ण तयारीने. म्हणाला, मी बेघर आहे, वादळात घर पडलं, धंद्यासाठी फिरतीवर असतो म्हणून खोली बंद असते. आणि ते पाव्हणे? "माझे मित्र हायत. गरिबाला मित्र असू नयेत काय?" दुसरं घर नाही असं प्रतिज्ञापत्र त्याने दिलेलं. तलाठ्याकडे, ग्रामपंचायतीत तपासलं. त्याच्या नावावर खरंच काही नव्हतं. साहेब म्हणाले, झालं समाधान?

झालं नव्हतं. पण हातात काहीच नव्हतं हेही खरं.

म्हातारी दर बाजाराला ठाण्यावरून जायची आणि दारातूनच विचारायची, "काय जमादार, गावली का माजी खोली?" मला खाली बघावं लागायचं. गणपती जवळ आले होते. एकदा मी विषय बदलायचा म्हणून विचारलं, मावशी, यंदा गणपती आणणार ना?

ती टोपली डोक्यावरून उतरवून खाली बसली.

"आनतं ना. पन शेजारनीच्या घरात बसवतं. वादळापासनं माजा गनपती दुसऱ्याच्या घरात पाव्हना. तिच्या गनपतीच्या बाजूला, एका कोपऱ्याला. ती काय बोलत न्हाय, चांगली हाय. पन आरतीला ताट तिचं, घंटा तिची. घर न्हाय त्याचा गनपती कुटं बसनार, जमादार?"

ती गेली आणि मी तिथेच उभा राहिलो. कोकणात माणूस मुंबईला राहू दे नाहीतर दुबईला, त्याचा गणपती जिथे बसतो ते त्याचं घर. सातबारा काहीही सांगो. मग हा बेघर डंपरवाला आपला गणपती कुठे बसवणार?

गणपतीत पोलिसाला रजा नसते. मी बंदोबस्तात त्या डंपरवाल्याच्या गावचा बीट मागून घेतला. सहकारी म्हणाले, जमादार मोदक खायला चालले. म्हटलं, व्हय, उकडीचे.

चतुर्थीला संध्याकाळी त्या गावात वाडीतली मंडळी टाळ-मृदंग घेऊन घरोघर आरतीला फिरत होती. मी त्यांच्यात मिसळलो. आरतीला आलेल्या माणसाला कोणी दारात अडवत नाही, पोलिसालाही नाही. तीन-चार घरं झाली आणि गावाच्या टोकाला एका नव्या स्लॅबच्या घरासमोर आलो. पुढे डंपर उभा. आत गुळगुळीत लादी, छताला रंगीत दिवे, थर्माकोल बंद झालं म्हणून कापडाचं मखर. आणि मखराच्या बाजूला सोवळं नेसून उभा माझा बेघर.

मला बघून एक क्षण चपापला. पण घर माणसांनी भरलेलं, पुढे भजनीबुवा, मागे बायका. आरती झाली. बुवा कौतुकाने म्हणाले, "काय मालक, यंदा थाट हाय!"

तेवढ्यावर तो फुलला. माणूस पैशाबद्दल खोटं बोलेल, जमिनीबद्दल बोलेल. पण नव्या घरातल्या पहिल्या गणपतीबद्दल त्याला गप्प बसवत नाही. म्हणाला, "बुवा, आजवर थोरल्याच्या घरी हात जोडून मागं उभं राहायचो. यंदा स्वतःच्या घरातला पहिला गनपती! वर्षभर खपलो या घरासाठी."

मी हात जोडूनच विचारलं, "घर तुमचं स्वतःचं?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग मूर्तीकडे. म्हणाला, "कागद मेव्हण्याच्या नावावर हायत. पन घर माजं. गनपतीसमोर खोटं कशाला बोलू?"

मी प्रसाद घेतला. खाल्लाही. प्रसाद टाकून उठणारा माणूस मी नव्हे. चपला घातल्या आणि पुढच्या घरी आरतीला गेलो.

साहेबांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. "उद्याच उचलू त्याला." मी म्हटलं, नाही. गणपती बसलेल्या घरातून माणूस उचलायचा नाही. विसर्जन होऊ दे. ते म्हणाले, पळून जाईल. म्हटलं, गणपती टाकून? नाही जाणार. त्यावरून आमचं चांगलंच वाजलं. मी अडून बसलो आणि माझंच खरं झालं. गौरी-गणपती बोळवून तो स्वतःच्या पायाने ठाण्यात आला. डोळे सुजलेले. बायकोने घरात घेतलं नव्हतं म्हणे, देवासमोर कबूल केलंस ते आता निस्तर म्हणाली.

जबाब त्याने न अडखळता दिला. सेंटरवाल्याने त्याला खोली मिळवून दिली होती, शेजारची अशीच दुसऱ्या एकाला. पाव्हण्यांना भाड्याने द्यायची, पैसे दोघांनी वाटून घ्यायचे. आणि मग तो जे वाक्य बोलला ते मी शब्दाला शब्द लिहून घेतलं. "सेंटरवाला बोलला, तुज्या पुढं एक म्हातारी हाय, तिची गरज जास्त हाय, पन तिचं मी बघतो."

तिचं मी बघतो! त्याने असं बघितलं की सगळ्या गरिबांच्या अर्जात मोबाइल नंबर आपलाच टाकला. खोली लागल्याचा मेसेज त्याच्याकडे यायचा आणि तो घरबसल्या नकार दाबायचा. बोटाने एकदा दाबलं की एक म्हातारी पावसात. ओटीपी म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. सेंटरवाल्याला ठाण्यात आणलं तेव्हा मी एवढंच म्हटलं, "बस. डोकं दुखतंय का?" मोबाइल जप्त केले, त्यातले मेसेज तपासाला पाठवले. भजनीबुवा साक्षीला उभे राहिले. गावकऱ्यांनी त्यांना गप्प करायला बघितलं, तर म्हणाले, मी टाळ वाजवतो, कान बंद ठेवत नाही. डंपरवाल्याचा जबाब मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवला. दोन पंच घेऊन त्या खोल्यांचा पंचनामा केला आणि लाखेचं सील मारलं. दारावर माझी सही.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

खोली सील झाली म्हणजे मुद्देमाल झाली. कोर्टाचा हुकूम होईपर्यंत ती कोणालाही देता येत नाही. नगरपालिका म्हणाली, म्हातारीचं नाव बाद झालेलं आहे, नवीन अर्ज करू दे. कुठे? ऑनलाइन. मी तिथल्या साहेबाच्या टेबलावर हात आपटला, तेव्हा काचेखालचे फोटो हलले. म्हणाला, आवाज कमी करा, नियम आहे. चोराने दाबलेला नकार त्यांच्या कॉम्प्युटरला खरा होता आणि समोर उभी असलेली म्हातारी खोटी.

दुसरे गणपती आले. मी पेन्शनीत गेलो होतो. सेंटरवाला जामिनावर सुटून त्याच दुकानात बसला होता, फक्त पाटीवर बायकोचं नाव. म्हातारी माझ्या घरी आली, ओट्यावर टोपली ठेवली.

"जमादार, चोराचं कुलूप व्हतं तवा निदान भांडायला चोर व्हता. आता तुजं कुलूप हाय. मी कोनाशी भांडू?"

बायको म्हणाली, वाईट वाटून घेऊ नका. मला वाईट वाटलं नाही, संताप आला. सील मारलं ते कायद्याने बरोबर होतं आणि आजही मारीन. पण ज्या कायद्याला माझं सील दिसतं आणि दारात बसलेली बाई दिसत नाही, त्याला मी काय म्हणू? नोकरीभर समजत होतो की चोर धरला की आपलं काम झालं. या केसने शिकवलं की चोर धरणं सोपं असतं. ज्याचं चोरलं त्याच्या हातात ते परत पडेपर्यंत तपास संपत नाही, मग डायरीत काहीही लिहा. मी वकील गाठला, अर्ज दिले, तारखांना गेलो. तिथला पट्टेवाला मला बघून म्हणायचा, "आला रिटायर जमादार." येणारच होतो.

शेवटी कोर्टाने खोली म्हातारीला द्यायचा हुकूम केला आणि सील निघालं ते तिसऱ्या गणपतीच्या आधी. लाख मी स्वतः फोडली, पेन्शनीतल्या माणसाला तशी परवानगी नसताना. कोण काय करतो बघू म्हटलं.

चतुर्थीला आरतीला गेलो. खोलीत सुक्या मासळीचा वास आणि धूप एकत्र. पाटावर वीतभर मूर्ती, बाजूला तिचं ताट, तिची घंटा. म्हातारीने आभारबिभार काही मानले नाहीत. मी उंबऱ्यात पाय टाकला तशी आतून ओरडली,

"वहाना भायेर काढ जमादार! पोलीस असशील तुज्या ठान्यात. हे माजं घर हाय."

मी वहाणा बाहेर काढल्या.