नागुबाईंचं बंद दार

आमच्या लातूरच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांना पहिली अंघोळ नागुबाईंनी घातलेली आहे. बाई मुखेडकडच्या. जिभेला तिखट, हाताला गोड. पोराला असं चोळायच्या की ते पाटावरच पेंगायला लागायचं. खोड एकच. बाळंतिणीच्या खोलीत वारा म्हणून शिरू द्यायच्या नाहीत. खिडकीच्या फटींत चिंध्या, दाराखाली गोणपाट, बाजेखाली कोळशाची शेगडी. कुणी दार किलकिलं केलं की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

त्यामागचं कारण सगळ्या गल्लीला पाठ होतं. त्यांची एकुलती एक लेक सिंधु बाळंतपणाला आली आणि अशाच बंद खोलीत एका सकाळी उठलीच नाही. आदल्या रात्री तिची तान्ही लेक साक्षी रडरड रडत होती, म्हणून नागुबाई तिला घेऊन ओसरीवर आल्या, दार ओढून घेतलं आणि तिथंच तिच्याजवळ आडव्या झाल्या. “तेवढ्यात वारं शिरलं,” असं त्या सांगायच्या. “ही रडली, म्हनून मला दार उघडावं लागलं.” नातीला त्यांनीच जीव लावून वाढवलं, पण हे वाक्य तिला रोज भाकरीबरोबर वाढलं. मला त्याचा भयंकर राग यायचा आणि मी तो तोंडावर बोलूनही दाखवायचे. साक्षी लग्न होऊन लोह्याला गेली, ती आजीकडे पुन्हा फिरकली नाही.

यंदा आमची पुनम पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. बाळ झालं, तशा अंघोळीला नागुबाईच आल्या. थोड्याच दिवसांत पुनमचं डोकं ठणकायला लागलं. शेक झाला की तिला गरगरायचं. “कुठून तरी वारं येऊन राहिलंय,” असं म्हणत नागुबाईंनी आणखी चिंध्या कोंबल्या.

हे फोनवर ऐकून आमचे जावई महांतेश पुण्याहून आले ते एक डबी घेऊनच. माणसांच्या श्वासानं, जाळानं खोलीतली हवा किती कोंदली, त्याचा आकडा दाखवणारी. टेप लावून उंची मोजली, भिंतीवर खूण केली, मग खिळा ठोकला. मी म्हटलं, पाळणा टांगताना एवढा हिशेब केला असता तर तो तिरका झाला नसता. ते हसले. म्हणाले, “आई, हिला आधी मोकळ्या हवेत ठेवून बटण दाबायचं. चांगली हवा कशी असते ते हिला कळलं, की मग बाकीची ती त्यावरून मोजते.”

इथंच घोडं अडलं. बाळंतिणीच्या खोलीत आलेली वस्तू सव्वा महिना बाहेर जाऊ द्यायची नाही, हा नागुबाईंचा कायदा. “जावईबापू, आत काय हवा न्हाई का? हितंच करा.” जावई माणूस, सासुरवाडीत म्हाताऱ्या बाईशी किती हुज्जत घालणार? शेगडी पेटलेली असतानाच त्यांनी बंद खिडकीपाशी डबी धरून तिथंच बटण दाबलं. हिरवा दिवा लागला.

“बघा अक्का, मशीनबी म्हनतंय खोली चांगली हाय.” असं मला ऐकवत नागुबाई दिवसभर खुशीत होत्या.

दुसऱ्या दिवशी शेक चालू असतानाच पुनमला भडभडून ओकारी आली आणि तिनं डोळे फिरवले. डबीचा दिवा हिरवाच. माझं डोकं फिरलं. दार सताड उघडलं, मी आणि महांतेशनी मिळून लेकीला आणि बाळाला ओसरीवर आणलं. तिला जरा हुशारी आली, तशी मी ती खोटारडी डबी खिळ्यावरून उपटली आणि अंगणात धुण्याच्या दगडावर आपटली. ती फुटली नाही. तिथं तिचा आकडा उतरायला लागला. उतरता उतरता इतका खाली गेला की महांतेशनी डोक्याला हात लावला.

“इतकी स्वच्छ हवा जगात कुठं नसते,” ते म्हणाले. “चुकलं माझं, आई. कोंदलेल्या हवेलाच मी चांगली म्हणून शिकवलं हिला.”

त्यांनी अंगणातच पुन्हा बटण दाबलं. मग डबी रिकाम्या खोलीत नेऊन टांगली, शेगडी तशीच धगधगती ठेवली आणि दार लावून घेतलं. आम्ही खिडकीच्या काचेतून बघत होतो. आकडा भराभरा चढला, दिवा पिवळा झाला, मग लाल. डबी ओरडायला लागली. त्यांनी दार उघडलं, तसा आकडा उतरला.

“दार उघडलं की उतरतोय?” नागुबाईंनी विचारलं.

“हो आजी. आणि ही तर नुसती कोंदलेली हवा मोजते. कोळशाचा दुसराही एक विषारी वायू असतो. त्याला वास नसतो, तो हिला दिसतसुद्धा नाही. माणूस झोपेतच जातो.”

महांतेशना सिंधुचं काहीच माहीत नव्हतं. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

नागुबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. रडल्या नाहीत. “मंजी दार उघडल्यानं न्हाई,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग दाराकडे बघत, “मी लगीच लावलं की परत. खालून गोनपाटबी सारलं.” मला खोटं समाधान करता येत नाही. मी त्यांच्याजवळ नुसती बसून राहिले.

पुनमला दवाखान्यात दाखवून आणलं. ती वाचली, बाळही वाचलं. संध्याकाळी नागुबाई परत आल्या आणि म्हणाल्या, साक्षीला फोन लावून द्या. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मी स्पीकर लावला.

“साक्षे, मी हाय.”

नागुबाईंनी फोन दोन्ही हातांनी तोंडाशी धरला.

“माय, तू रडलीस म्हनून न्हाई गेली तुझी आई. कोळशाचा इखार हुता खोलीत. तू रडलीस म्हनून तू तेवढी बाहेर आलीस, जगलीस. तिच्यावर दार मीच लावलं. मला ठावं नव्हतं गं.”

फोन चालू होता. मागं कुकरची शिट्टी झाली, एक लहान लेकरू कुरकुरलं.

“माझी पोरगी रडाय लागली की मी तिच्या तोंडावर हात ठिवते, आजे,” साक्षी म्हणाली. “अजूनबी.”

फोन तिनंच ठेवला. नागुबाईंनी माझा मोबाईल पदरानं पुसला आणि परत दिला.